हंडा धरलेल्या हाताची पावलं

मोखाड्याच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. राहते जव्हारला. सकाळच्या एसटीने निघते, फाट्यावर उतरते आणि पुढे तासभर पायी. चालण्याबद्दल मला कुणी शिकवायला यावं अशी वेळ अजून आलेली नाही. तरी दोन वर्षांपूर्वी शहरातली एक संस्था नेमकं तेच शिकवायला आली.

आली ती होळी आटोपल्यावर, म्हणजे उपकेंद्राजवळच्या पाड्यावरची विहीर आटल्यावर. पांढऱ्या जीपमधून एक सर उतरले. त्यांच्या खोक्यात मनगटावर बांधायचे काळे रबरी पट्टे होते. माणूस दिवसात किती पावलं चालतो ते हा पट्टा आपोआप मोजतो आणि छोट्या काचेवर आकडा दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. गरोदर बायका आणि म्हातारी माणसं रोज किती चालतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. अभ्यास सुरू करण्याआधी ते जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला जाऊन फोटो मात्र काढून आले होते.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पाड्याला टँकर मिळावा म्हणून मी तीन अर्ज केले होते. पोटुशी बाई दिवसातून दोनदा दरी उतरते आणि भरल्या हंड्यानिशी चढते, हे तिन्ही अर्जांत लिहिलं होतं. ते कुठल्या टेबलावर पडले कुणास ठाऊक. नर्सने लिहिलं की ते रडगाणं होतं, मशीनने दाखवलं की पुरावा. म्हटलं, आता तरी कुणी ऐकेल.

दहा जणांना पट्टे बांधले. त्यांतली एक माझ्या काळजीची होती. तिला सहावा महिना लागला होता आणि वजन काही केल्या वाढत नव्हतं. नवरा ठाण्याकडे बांधकामावर गेलेला. घरात ती आणि सासरा. सासऱ्याचा एक पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे तो दिवसभर ओट्यावर बसून बांबूच्या टोपल्या विणायचा. वय बसत होतं म्हणून त्यालाही पट्टा मिळाला.

सरांनी अंगणात चालून दाखवलं, शाळेच्या कवायतीसारखे हात पुढे-मागे झुलवत. म्हणाले, "असं मोकळ्या हातांनी चालायचं. म्हणजे नीट मोजलं जातं."

ती म्हणाली, "मंग हंडा कोन धरंल?"

बायका हसल्या. सरही हसले. मग ते खोकं आवरू लागले.

आठवड्याने सर परत आले. पाड्यावर रेंज नाही, म्हणून पट्टे गोळा करून वर माळावर गेले आणि आठवड्याचे आकडे मोबाईलवर उतरवून खाली आले आणि पट्टे पुन्हा ज्याचे त्याला बांधले. चेहरा उजळला होता. सगळ्यांत जास्त चालणारा माणूस त्यांना सापडला होता: तो अधू पायाचा सासरा.

सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हाताऱ्याला पाण्याची प्लास्टिकची बाटली बक्षीस दिली. म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"बाई, ही कशाची?" त्याने मला विचारलं.

"तुम्ही फार चालता, म्हणून."

"मी?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मला ओट्याखाली उतराया काठी लागतंय."

सरांनी ते ऐकलं. "किती साधी माणसं असतात ही," असं म्हणून त्यांनी त्याचा फोटो घेतला.

मग सुनेची पाळी आली. तिचा आकडा दहांत सगळ्यांत कमी होता. ती तेव्हाच दरीतून पाणी घेऊन आली होती. डोक्यावरची चुंबळ अजून हातात होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. सर मला म्हणाले, "सिस्टर, यांना जरा समजावा. गरोदरपणात असं बसून राहणं बरं नाही. रोज अर्धा तास तरी चालायला हवं."

सरांचं पुस्तकी मराठी तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी ते तिच्या बोलीत सांगितलं. हो, मीच सांगितलं. त्या माणसाला तिथल्या तिथे गप्प करायचं सोडून मी दुभाष्याचं काम केलं, कारण तो जीपमधून आला होता आणि त्याच्या हातात मशीन होतं. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

तिने ऐकून घेतलं. "आनखी चालाया सांगतंय?" एवढंच विचारलं आणि दुसरा हंडा उचलून निघून गेली.

त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. सकाळी मी ॲप्रनच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके घेतले आणि तिच्याबरोबर दरीत उतरले. तिची शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. उतरताना रिकामा हंडा तिच्या कमरेवर होता आणि पट्ट्याचा हात मोकळा झुलत होता, तेव्हा पट्टा बऱ्यापैकी मोजत होता. चढताना डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि दोन्ही हात वर. पट्टा गप्प झाला. वर पोचलो तेव्हा नुसत्या चढणीचे माझे चौदा चिंचोके डाव्या खिशात गेले होते. पट्ट्याला मात्र ती अख्खी चढण जेमतेम दोनशे पावलांची वाटली. दुसऱ्या खेपेला मी तोच पट्टा गॉजपट्टीने तिच्या घोट्यावर बांधला. मग तो शहाण्यासारखा मोजू लागला.

ओट्यावर म्हातारा टोपली विणत होता. कांबीला एक हिसका दिला की त्याच्या पट्ट्यावर एक पाऊल वाढत होतं. मी तिथे पाच मिनिटं उभी राहून ते पाहिलं.

दोन दिवसांनी सरांनी मला जव्हारपर्यंत जीपमध्ये घेतलं. वाटेत मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, मोजताना तुमचीच चूक झाली असेल. माणसाचं लक्ष उडतं, मशीनचं उडत नाही. आणि पट्टा मनगटावरच बांधायचा, हे आमचं ठरलेलं आहे."

तेवढ्यात जीप एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात आदळली आणि त्यांच्या स्वतःच्या मनगटावरचा तसाच पट्टा थरथरला. त्यांनी कौतुकाने पाहिलं. "चला, आजची दहा हजार पावलं पूर्ण झाली."

"सर, सकाळपासून तुम्ही चाललात कुठे?"

ते खिडकीतून बाहेर बघू लागले.

महिन्याने संस्थेचा अहवाल मांडायला तालुक्याला बैठक झाली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत झळकलं की डोंगराळ भागातल्या गरोदर महिला अपेक्षेपेक्षा कमी चालतात. सगळे माना डोलवत होते. मी उठले. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा जार होता, निम्मा भरलेला. मी म्हटलं, "सर, हा जार खांद्यावर घ्या, दोन्ही हातांनी धरा आणि दारापर्यंत जाऊन या. आम्ही मोजतो."

नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. सर निघाले आणि अख्खी खोली मोठ्याने मोजू लागली. चाळीस पावलं झाली. शर्ट भिजला, जार खाली ठेवताना तोंडातून "आई गं" निघालं. समोर बसलेल्या, तालुक्याच्या आरोग्य अधिकारी असलेल्या डॉक्टर मॅडमनी त्यांचा हात धरून पट्ट्यावर किती पावलं वाढली ते वाचलं. "सहा," त्या म्हणाल्या.

खोलीत हशा पिकला. मला हसू आलं नाही.

अहवाल काही बदलला नाही. वजन वाहताना मोजणीत थोडा फरक पडू शकतो, अशी बारीक अक्षरातली एक ओळ शेवटी घातली म्हणे. थोडा! पण मॅडमनी टँकरसाठी माझ्याकडून चौथा अर्ज तिथेच लिहून घेतला आणि त्यावर शेरा मारला. पंधरा दिवसांत टँकर आला. एक दिवसाआड का होईना, पाऊस लागेपर्यंत येत राहिला. त्या महिन्यात तिचं वजन दीड किलोने वाढलं. आषाढात ती उपकेंद्रातच बाळंत झाली. मुलगी अडीच किलोला जरा कमी भरली, पण रडली खणखणीत.

नंतर संस्थेकडून एक रंगीत पोस्टर आलं. त्यावर पांढरे बूट घातलेली, हसऱ्या तोंडाची बाई होती आणि खाली लिहिलं होतं, 'चला, चालू या'. दर्शनी भिंतीवर लावायची सूचना होती. मी ते औषधांच्या कपाटात तळाला अंथरलं. कागद जाड आहे, ओल येऊ देत नाही.