जमादारांचा केशरी फेटा

"लेखी लीज नाही ना? मग भाडेकरूही नाहीत. खुशाल घ्या घर," मी जमादारांना ठोकून दिलं. वकिलीचा कोट नवा होता, अक्कल कोरी होती.

जमादार म्हैसूरच्या घोडदळातून निवृत्त झालेले. लेक बाळंतपणाला यायच्या आत त्यांना स्वतःचं छप्पर हवं होतं. ते घेणार होते त्या घरात येसूबाई रंगारीण सासूच्या काळापासून राहत होती. लीज, म्हणजे भाडेकरार, कुणी लिहिलाच नव्हता. जुना मालक म्हणाला, "सांगितलं की जातील हो!"

खरेदीखत झालं. दसऱ्याला आम्ही घर बघायला गेलो. परसात पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो. विहिरीभोवती दोऱ्यांवर फेटे वाळत होते. केशरी, गुलाबी, मोरपिशी. त्यांतून गाळून आलेल्या उन्हात जमादारांच्या पांढऱ्या मिशा शेंदरी दिसत होत्या. कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी म्हातारी पुढं आली.

"नवे मालक ना? बसा अप्पा." आणि तिनं केशरी फेटा त्यांच्या डोक्याला बांधला.

जमादारांनी माझ्याकडं बघितलं.

"घ्या, घ्या! सणाचा मान आहे," मी म्हणालो. दुसऱ्याच्या डोक्याबाबत मी फार उदार.

मग नोटीस दिली. येसूबाई हलेना. "ह्या पाण्याशिवाय माझा रंग बसत नाही. जाऊ कुठं?"

प्रकरण कोर्टात गेलं. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "बाई, भाडं काय देता?"

"दसऱ्याला मालकाला फेटा रंगवून द्यायचा, स्वामी. पहिल्यापासून तसंच ठरलंय."

"ह्या मालकांनी घेतला?"

"अय्यो, तोच बांधून बसलेत की!"

कोर्टात जायचं म्हणून जमादार ठेवणीतला फेटा बांधून आले होते. खिडकीतलं ऊन नेमकं त्यावर पडलेलं. अख्खं कोर्ट बघत राहिलं. केस हरलो हे विसरून मीही.

भाडं घेतलं की भाडेकरू मान्य केला, कागद असो नसो. ते पैशातच हवं असंही नाही. हा कायदा मला तोंडपाठ होता. परसात उभा असताना तेवढा आठवला नाही.

येसूबाई राहिली. जमादारांनी पुढच्या दोन खोल्यांत संसार थाटला. नातवाचं पहिलं टोपडं त्याच विहिरीवर रंगलं; तसा गुलाबी मी पुन्हा पाहिला नाही.

घर घेताना कागद बघावा. कागद नसेल तर आत राहणाऱ्यांना विचारावं. आणि कुणी डोक्याला काही बांधू लागलं, तर आधी वकील बदलावा.