दोन टेबलं आणि एक अडकलेला ड्रॉवर

मैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते.

आमच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंची लाकडी टेबलं मी स्वतः बनवली. जुन्या सागवानी दाराच्या फळ्या अंगणात बसून कापल्या, रंधा मारला, पॉलिश केलं. शाळेची उन्हाळी सुट्टी त्यातच गेली. नवरा तेव्हा आत कूलरसमोर पडून मोबाईल पाहत होता.

आज अकोल्याहून नणंद आली. टेबलावरून हात फिरवत भावाला म्हणाली, "दादा, तुले एवढं मस्त सुतारकाम येते? आमाले माहीतच नव्हतं!"

नवरा नुसता हसला. त्यानंच सांगावं म्हणून मी थांबले, त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तो मला म्हणाला, "चहा ठेव ना."

चहा घेऊन आले, तर नणंद कूलरजवळच्या टेबलाचा ड्रॉवर ओढून राहिली होती. कूलरच्या ओलाव्यानं लाकूड फुगलं होतं.

"दादा, हा खुलून नाही राहिला."

"तो हिनं बसवला," नवरा लगेच म्हणाला.

तुमच्या घरी तुमचं नाव कधी घेतात हो?