वहिनीसाठी बदललेला स्क्रीन

दादा गेल्याचा फोन शेजारच्या काकूंनी केला. "ताई, लवकर या. तुमचे दादा आवाज देऊन राहिले होते, 'जरा घरात या, जरा घरात या' म्हणून. मी भाजी उतरवून गेली, तर ते मोरीपाशी पडले होते वं..." मला मात्र तेव्हाच कळलं की ती हाक दादानं मारलेली नव्हती. वहिनीनं मारली होती, लॅपटॉपवरून. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यात तिची वाचा गेली, तेव्हापासून तिला जे म्हणायचं ते ती स्क्रीनवरचं चित्र दाबून म्हणायची आणि बोलायचा तो दादाचा रेकॉर्ड केलेला आवाज. त्या सकाळी ती एकच चित्र पुन्हा पुन्हा दाबत बसली असणार. काकूंना वाटलं, माणूस धडधाकट बोलतोय, भाजी उतरवून जाऊ. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रात शिफ्ट इन्चार्ज होता. निवृत्त झाल्यावर जरीपटक्याच्या बाजूला घर बांधून राहिला, पण कंट्रोल रूम काही त्याच्यातून निघाली नाही. त्याच्या घरी पंखा पुसायचा तरी आधी मेन स्विच बंद आणि स्विचवर लाल टॅग. केंद्रात तशीच पद्धत होती. मशीनला हात लावण्याआधी ती बंद करायची, तिच्यावर आपल्या नावाचा टॅग लावायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. "दुसऱ्यानं काढला त आत हात घातलेला माणूस मरते," हे त्यानं आम्हाला जेवताना, लग्नाच्या पंगतीत, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा ऐकवलेलं आहे. स्वभावानं तापट, जरा बढाईखोर, आणि दुसऱ्याचं काम त्याला कधी पसंत पडायचं नाही. मेला म्हणून मी त्याला देवमाणूस करणार नाही.

वहिनी त्याच्या अगदी उलट. गल्लीतलं एक लग्न तिच्याशिवाय जमत नसे, आणि मोडतही नसे. अशा बाईची वाचा गेली. डोकं शाबूत, ऐकू येतं, विनोद कळतो, पण शब्द तोंडात येत नाही आणि लिहिलेलं अक्षर ओळखू येत नाही. उजवा हात लुळा. मग जे होतं तेच झालं. पाहुणे तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, जशी काही ती बहिरी आहे. नाहीतर तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायचे, जशी ती खोलीतच नाही. दादा संतापायचा आणि चहा न देताच लोकांना वाटेला लावायचा.

त्यांचा मुलगा पंकज पुण्यात नोकरी करतो. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना त्यानं इथं टाकून दिला होता. तो चालू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात पोळ्या लाटून व्हाव्यात. त्या लॅपटॉपचं रूप बदलायला दादानं अख्खा उन्हाळा घातला. आधी पूर्ण डिस्कची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली, मग काम सुरू. बदल एका वेळी एकच, त्यानंतर आठवडाभर वहिनीनं वापरून पाहायचं, आणि तो जमला की नक्कल पुन्हा नव्यानं काढायची. पहिल्या आठवड्यात नुसता माऊसचा बाण मोठा आणि पिवळा केला. मग मागचं चित्र काढून सपाट काळा रंग. मग खालची पट्टी लपवली, कारण तिचा हात चुकून तिकडे जायचा. मग दोनदा दाबण्याऐवजी एकदाच दाबून काम होईल असं केलं. अक्षरं असलेले आयकॉन काढून घरातल्याच वस्तूंचे फोटो लावले, तिचा कान तुटलेला कप, पाण्याचा स्टीलचा गडवा, छताचा पंखा, आणि शेजारच्या काकूंचा चेहरा. सगळं डाव्या बाजूला, कारण डावाच हात चालायचा. एकदा त्यानं चहाचं चित्र दोन बोटं खाली सरकवलं, तर वहिनीनं माऊसच फेकून मारला. चित्र निमूटपणे वर गेलं.

मी म्हटलं, "दादा, पंकज म्हणते नेटवर फुकट थीम मिळतात. एका दिवसात सगळं चकाचक होते."

"म्हाताऱ्या बाईले भरजरी शालू नेसवून उन्हात उभं कराचं का?" तो म्हणाला. "सिस्टीमच्या आपल्या सेटिंगमंदी जे हाय तेवढंच वापराचं. बाहेरून आणलेल्या थीमसंगं काय घुसते ते तुले समजते का?"

आवाज तरी बाईचा घे, असं मी सुचवलं. दादाच्या जाड आवाजात "मले चहा पाहिजे" ऐकून पोरंटोरं खो खो हसायची. "कोणाचा घेऊ? तुया घेतला त चहाच्या आधी अर्धा तास भाषण होईन," म्हणाला. सगळ्यात जास्त वहिनी हसली.

पण त्याचं खरं निघालं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत पंकज आला आणि आईला खूश करायला म्हणून त्यानं कुठूनशी एक थीम उतरवली. काचेसारखी बटनं, मागे वाहता धबधबा. दोन दिवस लॅपटॉप तव्यासारखा तापला, जाहिराती उड्या मारू लागल्या, तिसऱ्या दिवशी बंद. वहिनी पुन्हा मुकी झाली. दादा पोराला एक शब्द बोलला नाही, यावरूनच ओळखा. त्यानं ती नक्कल परत चढवली आणि झाकणावर आपल्या नावाचा लाल टॅग दोऱ्यानं बांधला. तेव्हा मी म्हटलं होतं, मलाही शिकवून ठेव, ती डिस्क कुठे असते ते तरी दाखव. तर म्हणतो कसा, "मी हाय ना."

मी हाय ना! ज्या माणसानं जन्मभर मशीन बंद पडणारच हे धरून काम केलं, त्यानं आपण बंद पडू हे एकदाही धरलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला माफ केलेलं नाही, आणि आता भांडायला तो समोरही नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, त्याला आदरांजली वाहायला, घर भरलं. मी हिंगण्याहून पोहोचले तर बैठकीत टीव्हीला तोच लॅपटॉप जोडलेला, स्क्रीनवर निळंशार आकाश आणि दादाचे फोटो एकामागून एक. झाकणावर टॅग नव्हता. मी पंकजला आत ओढलं.

"टॅग काहून काढला गा तू?"

"आत्या, बाबा गेले. आता तो कोण काढणार होता?" त्याचे डोळे सुजलेले होते. "तो स्क्रीन पाहिला होता का तू? दवाखान्यासारखा दिसून राहिला होता. एवढे लोक येऊन राहिले... मी रिसेट मारलं. आता पाह्य, एकदम नवा."

"आणि तुया आईची चित्रं?"

तो बाहेर जायला वळला. मग म्हणाला, "नंतर करून देईन ना."

बाहेर वहिनी लॅपटॉपसमोर खुर्चीत बसली होती. माऊस डाव्या हातात. बाण डावीकडे नेऊन ती दाबत होती. तिथं तिचा गडवा असायचा. ती पाणी मागत होती, आणि दर वेळी दादाचा पुढचा फोटो येत होता. कंट्रोल रूममधला दादा. लग्नातला दादा. दीक्षाभूमीवर टोपी घालून उभा दादा. मागून एक बाई कौतुकानं म्हणाली, "पाहा, कशी फोटो पाहून राहिली बिचारी!" पोराचंही सगळ्यांनी कौतुक केलं, बापासाठी किती छान केलं म्हणून. मी पाणी आणून दिलं. वहिनीनं ग्लास घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर तिचा एक नवा हट्ट सुरू झाला. आतल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवायची. पंकजला वाटलं तिला पांढरं लुगडं हवंय, त्यानं ते काढून दिलं. तिनं ढकललं. कोणी दादाचा स्वेटर दिला, कोणी शाल. एक मावशी म्हणाल्या, मनावर परिणाम झालाय, डॉक्टरला दाखवा. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही इतकी शहाणी माणसं, पण तिला उठवून कपाटापर्यंत नेण्याचं कोणाला सुचलं नाही. शेवटी वैतागून मीच तिला धरून नेलं. तिनं डावा हात लुगड्यांच्या खालच्या थरात घातला आणि रुमालात बांधलेली हार्ड डिस्क बाहेर काढली. नवऱ्यानं ती कुठे ठेवली हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

बाजारातल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं ती जोडून पाहिली. "सगळं जसंच्या तसं हाय," म्हणाला, आणि दुपारपर्यंत चढवून दिलं. पंकजनं लॅपटॉप घरी आणून वहिनीसमोर उघडला. तो काळा, ओबडधोबड स्क्रीन, डावीकडे फोटोंची दाटी. पंकज खुर्चीजवळ बसला आणि घाईघाईनं म्हणाला, "आई, घे. बोल. काय पाहिजे? पाणी? चहा?"

वहिनीनं त्या दोन्ही चित्रांकडे पाहिलं नाही. पिवळा बाण हळूहळू वर सरकला. वरच्या कोपऱ्यात एक चित्र होतं, त्याच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. तिच्याच गुडघ्याचा फोटो, पट्टा बांधलेला. तिनं दाबलं. दादाचा आवाज आला, "मले दुखून राहिलं."

पंकज वाकून तिचा गुडघा चाचपू लागला. "इथं दुखते का आई? पट्टा आणू?" तिनं त्याचा हात बाजूला केला आणि पुन्हा तेच चित्र दाबलं. "मले दुखून राहिलं." त्यानं मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तसाच जमिनीवर बसून हमसून हमसून रडू लागला. वहिनीनं माऊस सोडला नाही. मी दारात उभी होते. ती दाबत राहिली, आणि दादा तेच म्हणत राहिला.