बाबांची शिकवणी मी बंद केली

बाबांची शिकवणी मी बंद केली होती. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मनात ठेवणं आता होत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. सांगलीत हायस्कूलला गणित शिकवायचे.

मंगळवारी सकाळी गेले. माझा नवरा मंदार एकटाच गेलाय तिकडे. मी आणि आमची मुलगी ईरा इथेच, जर्मनीत, हॅनोव्हरला.

ईरा तिसरीत असल्यापासून दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचा क्लास असायचा. भागाकारात हिची बाकी भाजकापेक्षा मोठी आली की म्हणायचे, "अगं, अजून एकदा भाग जातोय की. घाई कसली झालीय?"

ही जर्मनमध्ये काहीतरी बडबडायची. त्यांना एक अक्षर कळायचं नाही, तरी हसायचे.

मग सातवीत अपूर्णांकांची समीकरणं आली.

बाबांची पद्धत आपल्या सगळ्यांची. तिरकस गुणाकार, पलीकडे नेलं की चिन्ह बदल, दोन ओळींत उत्तर.

इथे प्रत्येक ओळीपुढे उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहावं लागतं. ईराने लिहिलं नाही. उत्तरं सगळी बरोबर, आणि ग्रेड चार. म्हणजे जेमतेम पास.

माझं डोकं फिरलं. थेट सांगलीला फोन लावला.

"बाबा, प्लीज आता तिला शिकवू नका. तुमच्यामुळे तिचे मार्क जातायत."

तुमच्यामुळे. असं म्हणाले मी.

ते म्हणाले, "बरं. तिकडचं तुला जास्त कळतं."

त्यानंतरही कॉल व्हायचे. जेवलीस का, थंडी किती आहे, बस. मला वाटलं, वय झालं, बोलणं कमी झालंय. काय अक्कल माझी.

काल सासूबाईंनी फोनवर सांगितलं. क्लास बंद झाल्यापासून बाबा रोज दुपारी मोबाईलवर जर्मन शाळांचे गणिताचे व्हिडिओ बघत होते. भाषा कळत नव्हती, म्हणून फळ्यावरचं बघून वहीत उतरवायचे. उभ्या रेघेसकट.

"मी म्हटलं, अहो, सांगा की सूनबाईला. तर म्हणाले, तिने बोलावलं की सांगेन. आपण होऊन नको."

मी बोलावलंच नाही.

आणि ईराला मी तेव्हा खोटं सांगितलं होतं, की आजोबांना आता शिकवायला जमत नाही.

काल तिला खरं सांगितलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला वाटलं, मी ढ आहे म्हणून ते कंटाळले."

तेव्हापासून तिच्या खोलीचं दार बंद आहे.

बाबा, चूक तुमची नव्हती. तिचीही नव्हती.

इथूनच पाया पडते. माफ करा, असं म्हणायचंही तोंड नाही मला.