दुपट्ट्याखाली ठरलेला डॉक्टर

माझे वडील बैलांचे दलाल होते. दारव्ह्याच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध ते उभे राहत, खांद्यावरचा दुपट्टा हातावर पसरत आणि त्याच्या आड आधी एकाची, मग दुसऱ्याची बोटं हातात घेत. भाव तोंडानं कधी बोलला जात नसे. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावर सगळं चाले. भोवती माणसांचा गराडा असला तरी सौदा त्या दोन हातांपुरता राही. तोंडानं मात्र मंडळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि सोयरिकीच्या गप्पा करत असत. लहानपणी मला वाटायचं, आपले वडील दिवसभर लोकांचे हात धरून त्यांचं सांत्वन करतात.

मी मॅट्रिक होऊन यवतमाळला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून लागलो, त्यानंतरची, म्हणजे साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो एवढ्या भांडवलावर मी घरातला विद्वान झालो होतो. त्या सुमारास वडिलांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. कडब्याची पेंडी खांद्यावर घेतली की हात थंडगार पडे, पांढरा दिसे. फळीवरचा डबा काढायला हात वर केला की तो मधूनच गळून खाली येई. आईनं गरम तेलानं चोळून पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं बिब्ब्याचे चटके दिले. त्यानं जळलं ते कातडं. बोटं झोपलेली ती झोपलेलीच.

मग बाजारात एक प्रकार घडला. एका घेणाऱ्यानं दुपट्ट्याखाली त्यांची चार बोटं धरली आणि वडिलांना दोनच लागली. त्यांनी विकणाऱ्याला दोनाचा भाव कळवला. तो मान्य करून बसला. देण्याघेण्याच्या वेळी फरक उघडा पडला आणि विकणारा सगळ्यांदेखत म्हणाला, "मधातलं तुमी खाऊन राह्यले होते का, भाऊ?"

वडिलांची पंचाईत झाली. बोटाला कळत नाही असं सांगावं तर दलाली संपली, न सांगावं तर चोर ठरले. डावा हात पुढे करण्याची सोय नव्हती. डाव्या हातानं सौदा म्हणजे समोरच्याचा अपमान. त्यांनी उजव्या हाताला फडकं गुंडाळलं आणि बैलानं लाथ मारली म्हणून सांगत हिंडू लागले. पण ते फडकं जन्मभर तर बांधून ठेवता येत नव्हतं. बाजारात त्यांच्या मागे कुजबुज चाले, आणि ती त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला. हा वात नाही, लकवाही नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मानेच्या बुडाशी जन्मापासूनच एक जादा फासळी होती. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिनी त्या चिंचोळ्या वाटेत चेपत होत्या. "ऑपरेशन करावं लागेलसं दिसतं, आणि ते नागपूरला," डॉक्टर म्हणाले. "पण सर्जन पाहून निवडा. जागा फार अडचणीची आहे." त्यांनी दोन सर्जनांची नावं सांगितली. एकाचं तर आम्हीही ऐकलेलं होतं.

घरी आईनं एक्सरे उन्हात धरून पाहिला. "तुमी जलमाचे दलाल," ती म्हणाली. "देवापासूनही एक फासळी वरून घेऊन आले!"

सर्जन निवडण्याची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आली. पुस्तक कसं निवडावं हेही मला त्या वयात कळत नव्हतं, पण नाही म्हणायला लागणारं शहाणपणही नव्हतं. माझं माप सरळ होतं. ज्याची पदवी विलायती, ज्याच्या दारात मोटारी जास्त, तो मोठा. शिवाय वाटेत मी एक इंग्रजी वाक्य घोकून ठेवलं होतं, वेळेवर मोठ्या डॉक्टरवर टाकायला.

पहिल्या सर्जनांकडे ते टाकायला फुरसतच मिळाली नाही. बाहेर आम्ही दुपारपर्यंत बसलो, आत मात्र पान खाऊन संपायच्या आत बाहेर आलो. त्यांनी एक्सरे दिव्यासमोर धरला, वडिलांच्या बोटांना सुई टोचून "लागतं का?" म्हणून विचारलं. वडील सगळ्या बोटांना "लागते" म्हणाले; घरीही ते अलीकडे बोटं सुधारल्याचं सांगत. "सोपं काम आहे," सर्जन म्हणाले. "फासळी काढून टाकू. पुढच्या सोमवारी भरती व्हा."

मी खूश. असा तडफदार माणूस हवा. रस्त्यावर येताच म्हणालो, "पक्कं करून टाकू ना?"

"पयल्या गिऱ्हाइकाले बैल देल्ला, असं पाह्यलं का तू मले कधी?"

"यात बैल कोण आहे, बाबा?"

"मी. आनं दलालही मीच. तू फक्त कासरा धर."

दुसरे सर्जन एका बोळात होते. दारात मोटार नव्हती, एक सायकल होती, आणि ती कोणाची याची मी चौकशी करून घेतली. कंपाउंडरची निघाली तेव्हा थोडं बरं वाटलं. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला संथ. त्यांनी वडिलांना दोन्ही हात वर करून मुठी उघडायला-मिटायला लावल्या. डावा हात चालत राहिला, उजवा थोड्या वेळात खाली आला. मग मनगटाची नाडी धरून मान इकडे तिकडे वळवायला सांगितली. वडिलांची मान एका बाजूला वळली की ते जास्त लक्ष देऊन नाडी पाहत. सुई त्यांनीही टोचली, आणि वडिलांनी पुन्हा सगळीकडे "लागते" म्हटलं.

मग डॉक्टर खुर्चीत मागे टेकून बोलू लागले. आधी दोन-तीन महिने ओझं बंद, खांद्याचे व्यायाम. तेवढ्यानं काहींना उतार पडतो. नाहीच पडला तर ऑपरेशन. त्यात नसेला धक्का लागू शकतो. फुफ्फुसाचं आवरण अगदी जवळ असतं, त्यालाही इजा होऊ शकते. हात काही दिवस आणखी दुबळा होऊ शकतो. बोटं फार दिवसांची बधिर असतील तर पूर्ण जागी होतीलच असं नाही. "आणि हेही सांगून ठेवतो. हे ऑपरेशन मी फार वेळा केलेलं नाही. केलं त्यातल्या एका बाईंच्या हाताला म्हणावा तसा गुण आला नाही."

हा माणूस स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावत होता. पण वडिलांचा चेहरा उजळत चालला होता. मला ते कळेना. नंतर उलगडलं. बैलबाजारात खोडी कोण सांगतो? घेणारा! दात झिजले, खूर फाटला, चाल वाकडी, असं सांगून सांगून तो भाव पाडतो. आणि जितक्या खोडी सांगतो तितकं त्याला जनावर हवं असतं. वडिलांना वाटलं, हा डॉक्टर आपल्याला घ्यायला उतावीळ झाला आहे.

"बोला, बोला डाक्टरसायेब," ते हसून म्हणाले. "शेपटीत काई खोट असन तं तेही सांगून टाका!"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. तोवर वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातावर पसरला आणि हात टेबलावरून पुढे केला. "या. ठरवून टाकू."

मी लाजेनं अर्धा झालो. घोकलेलं वाक्य पार विसरलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "ब्रोकर, सर. फादर. बुल ब्रोकर." मग मुकाट्यानं मराठीत सगळा प्रकार सांगितला: दुपट्टा, बोटं, पेरं.

डॉक्टर ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं, "म्हणजे तुमचं सगळं काम या बोटांवर?"

"सगळं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला हात दुपट्ट्याखाली घातला. "सांगा, कुठलं बोट धरलंय मी?"

वडिलांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"अंगठ्याजवळचं," वडील म्हणाले.

"बरोबर. आता?"

"मधलं."

"नाही. त्याच्या पलीकडचं. आता?"

वडिलांनी दुपट्ट्याकडे पाहिलं. "आता तं तुमी धरलंच नाई अजून," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दुसऱ्या हातानं दुपट्टा बाजूला केला. त्यांनी वडिलांची करंगळी धरली होती, इतकी घट्ट की नख पांढरं पडलं होतं.

वडील त्या बोटाकडे पाहत राहिले, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "सुई टोचत होते तवा म्या पाहून सांगत होतो. यवतमाळलेही तसंच केलं."

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. बस्स, तेवढंच.

परतताना आम्ही स्टँडवर मोटारीची वाट पाहत बसलो होतो. मी मोठ्या सर्जनाची बाजू सोडली नव्हती. "हे तर स्वतःच म्हणतात, फार ऑपरेशनं केली नाहीत."

"हाव. न पुसता सांगतलं त्यानं. थ्या मोठ्यानं किती केले?"

"मी विचारलंच नाही."

"मंग तुले संगं नेलं कायले?"

मग वडील स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "इतके दिवस सगळ्याइले फसवून राह्यलो मी. तुया मायलेही. याले नाई फसवता आलं. अशा माणसाचं भेव वाटते बाजारात. पर माल द्याचा तं त्यालेच द्याचा."

त्यानंतर आयुष्यात दोन-तीनदा घरच्या कोणासाठी डॉक्टर शोधायची वेळ माझ्यावर आली. दर वेळी मी पाटी पाहतो, गर्दी पाहतो, ओळखीपाळखीच्यांना विचारतो. जुनी खोड जात नाही. पण आत गेल्यावर मात्र वाट पाहतो, की हा माणूस आपल्याला जे नको आहे ते सांगतो का. सांगितलं की भीती वाटते आणि बरंही वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

व्यायामानं मुंग्या थोड्या कमी झाल्या, बोटं जागी झाली नाहीत. हिवाळ्यात ऑपरेशन झालं. फुफ्फुसाला काही झालं नाही, पण हात बरेच दिवस खुंटीला टांगल्यासारखा राहिला आणि आई रोज विचारी, "त्या सायकलवाल्याकडेच काहून नेलं रे तू?" सायकल कंपाउंडरची होती, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल! शेजारचं बोट आधी जागं झालं. करंगळीचा भरवसा येईना. वडील जेवताना तिनं मीठ चिमटीत धरून पाहत, गोठ्यात दावणीची गाठ तिनं चाचपत. बाजाराचा विषय काढत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो. वडील अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला समोर बसवलं, दुपट्टा हातावर पसरला आणि डोळे मिटून घेतले. "धर."

मी हात आत घातला आणि थबकलो. करंगळी धरायची होती, पण धरवेना. जिनिंगमधला हिशेबनीस मी, बोटांच्या या हिशेबाला भ्यालो. मनात आलं, दुसरंच एखादं बोट धरावं आणि हो म्हणावं.

"धरलंच नाई अजून तू," ते म्हणाले.

नागपूरलाही ते हेच म्हणाले होते. या वेळी ते खरं होतं, पण तेवढ्यानं काय सिद्ध होणार? मी करंगळीच्या टोकाला हात लावला, अगदी हलका.

"आता धरलं. करंगळी," वडील म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "वरचं पेर. आनं इतकं हळू धरते का कोणी? बाजारात असता तं म्हणलो असतो, याची घेण्याची नियतच नाई."

मग त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि आईला आवाज दिला, उद्याच्या बाजाराची भाकर बांधून ठेव म्हणून.