खंडेनवमीचं कुंकू

"माझ्या डिस्का नीट हुत्या! तुमच्या टेबलावर आल्या अन् मेल्या!"

"मेलेलं माणूस दवाखान्यात आणायचं आणि डॉक्टरच्या नावानं बोंब ठोकायची, तसं झालं हे, कानिफभाऊ."

"तोंड सांभाळून बोला, बाई!"

"तोंड सांभाळत बसले असते तर अजून उसाच्या फडातच असते."

ते खोटं नव्हतं. ज्ञानेश्वरी पाथर्डीकडची. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जायचे, ही त्यांच्या मागं सहा शाळा बदलत शिकली. आता संगमनेरात, पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर, तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अकरा वर्षांत एक गोष्ट कमावली होती: नाव. ज्ञानेश्वरीकडं गेलेला डेटा परत येतो, असं लोक म्हणत.

म्हणत होते. गेल्या आठवड्यात कोपरगावच्या या फोटो स्टुडिओवाल्यानं फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'संगमनेरच्या मॅडमनं माझी सात वर्षांची लग्नं पुसली.' दुसऱ्या दिवशी दोघा गिऱ्हाइकांनी आपापले कॉम्प्युटर अर्धे उघडलेले तसेच उचलून नेले.

"हे बघा," तिनं स्क्रीन फिरवली. अक्षता उडत होत्या, नवरी शिंकत होती.

कानिफनाथ पुढं वाकला. "हे तर माझंच शूटिंग! म्हंजी सापडलं?"

"सगळं. सतराव्या खेपेला."

"सतरा खेपा माझ्या डिस्कांवर?"

"तुमच्या डिस्कांवरचं मी काही बदलत नसते. आधी नकला काढल्या, मग नकलांवर झटापट." तिनं चार बोटं एकत्र धरली. "ही तुमची मोळी. चार डिस्का, पण बांधलेल्या सॉफ्टवेअरनं. प्रत्येक फोटोचे तुकडे चौघींत वाटलेले. एक निसटली तरी मोळी उभी राहते, दोन निसटल्या की कोसळते. कोणती पहिली, कोणती दुसरी, हे प्रत्येकीच्या कपाळावर लिहिलेलं असतं. तुमच्याकडं ते कपाळच कुणीतरी पुसून नवं लिहिलं."

"कुनीतरी न्हाई! हिनं!" कानिफनाथनं दाराकडं बोट केलं. तिथं त्याची बायको पंकजा पिशवी धरून उभी होती. "खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा मांडली, तर बाईसाहेबांनी डिस्काबी बाहेर काढून पाटावर मांडल्या. हळद, कुंकू, वर फुलं! तीन आठवडे सांगतोय, तुझ्या कुंकवानं वाटोळं केलं."

पंकजा पहिल्यांदा बोलली. "ताई, कुंकवानंच गेलं का?"

"कुंकू पिनांत गेलं, म्हणून दोन डिस्का दिसेनात, एवढंच. ब्रशनं झाडलं, चौघी बोलायला लागल्या." ज्ञानेश्वरीनं कागद पुढं सरकवला. "बिघडलं त्यानंतर. 'नवी मोळी बांधू का?' असं मशीन विचारतं. त्याला 'हो' म्हटलं की जुनं कपाळ जातं, आणि नव्यावर त्या क्षणाची तारीख-वेळ उमटते. चारही डिस्कांवर एकच वेळ आहे. खंडेनवमी, सकाळी अकरा सत्तेचाळीस. माझ्याकडं तुम्ही आलात दसरा होऊन चार दिवसांनी."

"अकरा सत्तेचाळीस..." पंकजा म्हणाली. "तवा तर मी नैवेद्य करत हुते. मशीनीपाशी हेच हुते, मोबाईलवर कसलासा व्हिडिओ लावून."

कानिफनाथनं कागद उलटा केला, जणू मागं काही वेगळं लिहिलेलं असेल.

"मला दुसरं काही नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. "जिथं माझं नाव घातलंत, त्याच ग्रुपवर खरं लिहा."

"लिहितो की." त्यानं फोन काढला. आवाज एकदम मऊ झाला. "बायकोच्या चुकीनं डेटा गेला हुता, मॅडमनं परत आनला. झालं? तुमचं नाव मोकळं!"

ज्ञानेश्वरीला ते वाक्य हवं होतं. त्यातला अर्धा भाग तर फारच हवा होता. 'चालेल' म्हणायला तिनं तोंड उघडलंही, आणि त्याची तिला स्वतःलाच चीड आली.

"अर्धं खोडा. चूक ज्याची, नाव त्याचं."

"आवो, तिला कोन वळखतंय ग्रुपात? मला रोज त्यांच्यात उठायबसायचंय!"

"मलाही."

"असं हाय व्हय!" तो बायकोकडं वळला. "पंकजा, तूच सांग यांना. 'हो' तूच दाबलंस म्हनून. तेवढ्यानं काय झिजतंय तुझं? बोल की!"

पंकजानं पिशवी टेबलावर ठेवली, जिन्यात काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरू लागली.

"पंकजा! काय विचारतोय मी?"

खाली पशुखाद्याच्या पोत्यांना वळसा घालून ती एकटीच स्टँडच्या दिशेनं निघाली.