चैत्रगौर, तीन महागरुड आणि पातेलंभर पन्हं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरातल्या पुरुषाने मागच्या खोलीत गप बसायचं असतं, हा नियम ज्याने केला त्याने मला नक्की पाहिलं असणार.

त्या वर्षी मात्र मला पुढे यायचं होतं. ठरल्या वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून, पन्ह्याच्या पेल्यांचा ट्रे हातात घेऊन! (मुलींनी पोह्यांचा ट्रे आणायचा तर मुलाने पन्ह्याचा का नाही, ही माझ्या आईची सुधारणा.) कारण बडोद्याच्या घडियाळी पोळातल्या इनामदार काकू हळदीकुंकवाच्या निमित्ताने आमचं अकोट्याचं घर, माझी आई आणि मी, असं सगळं एकदम बघून घेणार होत्या. सोबत त्यांची मुलगी मंजिरी येणार होती. मंजिरीला मी एका लग्नात गरबा खेळताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून वाघोडियाच्या कारखान्यात माझ्या हातून निघालेला एकही नग मापात बसला नव्हता. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी आईला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"मग शिऱ्या, तोंड बंद ठेव," आईने बजावलं. "मागच्या स्थळापुढे तू तो गरुड सांगत बसलास. मुलीचे वडील बसल्या जागी घोरायला लागले!"

तो गरुड म्हणजे महागरुड, माझ्या लहानपणीच्या चित्रकथांमधला वीर. पिवळी घट्ट विजार, तिच्यावरून लाल चड्डी, पाठीला पंख आणि खात्यापित्या घरचं पोट. दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारायचा आणि कुणी संकटात सापडलं की खिडकीतून उडायचा. पुढे बाजार खुला झाला, घरोघरी केबल आली आणि महागरुडालाही नवे अवतार घ्यावे लागले. दुसऱ्या अवतारात तो नखशिखान्त काळा झाला. नोकरी सोडून कड्याच्या टोकावर उभा राहून भिजायला लागला. तिसऱ्या अवतारात त्याने अमेरिकेत कंपनी काढली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि पंखांऐवजी बॅटरीवर उडू लागला.

नव्या दोघांचे प्लॅस्टिकचे पुतळे बाजारात मिळाले. मूळ महागरुडाचा पुतळा कुणी काढलाच नव्हता, म्हणून तो मी शाडूचा केला! गच्चीत बसून, सुट्ट्या घालवून, स्वतःच्या हातांनी! नाक तर असं साधलं होतं की पेणच्या कारागिरांनी माझ्याकडे शिकवणी लावावी. (लावली नाही. त्यांचं नुकसान.)

हळदीकुंकवाच्या सकाळी आई म्हणाली, "गौरीपुढची आरास फार ओकीबोकी दिसतेय रे. तुझ्या कपाटातल्या बाहुल्या आण बघू."

"बाहुल्या नाहीत त्या, आई!"

"बरं, बाहुले आण."

अपमान गिळून मी तिन्ही महागरुड पायऱ्यांवर ओळीने मांडले. प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची पाटी ठेवली : मूळ अवतार, दुसरा अवतार, तिसरा अवतार. शिवाय पडद्याच्या दांडीपासून समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत एक दोरी ताणून ठेवली. कुणी आग्रह केलाच, तर मूळ महागरुड उडवून दाखवता यावा म्हणून. (आग्रह कोण करणार होतं, हे मला विचारू नका.)

संध्याकाळी बायका जमल्या. मी मागच्या खोलीत गंजीफ्रॉक आणि लेंगा घालून दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. इनामदार काकू चंदेरी साडीत आल्या, मागून मंजिरी आली, आणि मला कूलरसमोर बसूनही घाम फुटला.

"अगंबाई, या खेपेला गरुडही बसवलाय वाटतं!" कुणीतरी म्हणालं.

"विष्णूचं वाहन ते. त्यालाही कुंकू लावा हो," दुसरी म्हणाली.

आणि रांग लागली! ओल्या बोटांनी हळद, ओल्या बोटांनी कुंकू! एकीने भिजवलेले हरभरे मूळ महागरुडाच्या पंखांत भरले. तेवढ्यात आमच्या शेजारच्या कमळाबेन गुलाबदाणी घेऊन पुढे सरसावल्या. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी दार उघडून बाहेर धावलो.

"पाणी नको! पाणी नको! रंग कच्चा आहे त्याचा!"

वीस-पंचवीस बायका माझ्या गंजीफ्रॉककडे बघत होत्या. गंजीफ्रॉकला काखेत भोक होतं. आईने डोळे मिटून घेतले.

"हा आमचा शिरीष," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती बिचारी!

आता माघारी वळलो असतो तर निभावलं असतं. पण मंजिरी पाट्या वाचत होती! वाचता वाचता तिने विचारलं, "हे तिघं एकच आहेत?"

झालं! मी सुरू झालो. मूळ अवताराचं तेज, दुसऱ्याची रडकथा, तिसऱ्याचा दिखावा, सगळं ओघाने सांगत सुटलो. घोरायचं सोडा, बायका जिवाचा कान करून ऐकत होत्या. (बडोद्याच्या व्याख्यानमाला गाजवणाऱ्या भल्याभल्यांना असा श्रोतृवर्ग मिळाला नसेल!) फक्त त्यांचे प्रश्न जरा वेगळ्या वळणाचे होते.

"हा पहिला कुठे असतो म्हणालात?" इनामदार काकूंनी विचारलं.

"टपाल खात्यात."

"सरकारी! पेन्शन असेल. आणि हा काळा?"

"तो काहीच करत नाही. भिजतो."

"आईवडील?"

"लहानपणीच गेले."

"म्हणजे सासूचा प्रश्न नाही," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि काळ्या महागरुडाचं पारडं एकदम जड झालं.

"आ त्रीजो वेजिटेरियन छे?" कमळाबेननी अमेरिकेतल्या महागरुडाकडे बोट दाखवून विचारलं. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं अभ्यास करून हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता!

"पण मला विचाराल तर," मी छाती काढून म्हणालो, "खरा वीर पहिलाच. त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही!"

"मग त्यात शौर्य कसलं?" मंजिरी म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्याला भीतीच वाटत नाही, त्याने उडी मारली तर विशेष काय? हा काळा घाबरतो, रडतो, आणि तरीही कड्यावरून उडी मारतो. मला हा जास्त आवडला."

एवढ्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि या मुलीला पाट्या वाचता वाचता सुचलं! मला तिचा असा काही अभिमान वाटला, की जणू अक्षता पडून गेल्या होत्या. पण हार मानेल तो शिरीष कसला!

"तो पडतो," मी म्हणालो. "हा उडतो!"

"हा? एवढं पोट घेऊन?"

पोटावर बोलणं आलं आणि माझा तोल सुटला. "थांबा, दाखवतोच!"

"शिऱ्या," आई दात आवळून म्हणाली, "आत जा."

पण मी स्टुलावर चढलो होतो. महागरुडाच्या पाठीचा आकडा दोरीत अडकवला आणि त्याला सोडून दिलं. आणि सांगतो तुम्हाला, तो उडाला! गौरीच्या पाळण्यावरून, बायकांच्या अंबाड्यांवरून असा झोकात निघाला की कमळाबेननी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या वाटेवर मात्र शाडूच्या वजनाने दोरी झुलली, दांडीकडची गाठ सुटली, आणि महागरुड पंख पसरून थेट मधोमध ठेवलेल्या पन्ह्याच्या पातेल्यात उतरला!

डुबुक!

पन्हं उसळलं ते इनामदार काकूंच्या चंदेरीवर. पातेल्यात आधी पिवळा रंग सुटला, मग लाल. बायका साड्या सावरत मागे सरल्या. मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. मला रडू येत होतं, पण खोटं कशाला सांगू, छातीही फुगली होती. पडतानासुद्धा पठ्ठ्याने पंख मिटले नव्हते!

पुढे कुणीच येईना. आली ती मंजिरी. तिने बांगड्या मागे सारल्या, कोपरापर्यंत हात पातेल्यात घातला आणि महागरुडाला बाहेर काढलं. नाक वाहून गेलं होतं, चड्डी विरघळली होती, पंखांतून हरभरे गळत होते. तिने त्याला नीट निरखून पाहिलं, पायरीवर तिसऱ्याच्या शेजारी ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हा चौथा अवतार."

सगळी खोली हसली. आईसुद्धा हसली. इनामदार काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

"कंई नहीं दीकरा, हुं लिंबूनुं शरबत बनावी दऊं छुं," म्हणत कमळाबेन स्वयंपाकघराकडे धावल्या. पण काकू शरबताला थांबल्या नाहीत. पदर झटकत उठल्या आणि दारात म्हणाल्या, "कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे लग्नाच्या वयातल्या कुठल्याही मुलाला सांगावं लागत नाही. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. ताटात आमटी वाढतानासुद्धा ती पातेल्याशीच बोलायची, "घे म्हणावं अजून." मी फोन वाजला की धावायचो आणि तो राँग नंबर निघाला की जेवायचो नाही.

आणि एका रविवारी इनामदार काकूंचा फोन आला. आईने ऐकलं, "हो का? हो का?" म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून बोलली. "मंजिरीने होकार दिलाय. म्हणाली, मुलगा आहे तसा चालेल."

आहे तसा! मी घरभर नाचलो. काळा व्हायला नको, अमेरिकेला जायला नको, बॅटरी नको! मूळ अवतार, आहे तसा, पसंत! दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन मी कंपनीच्या बसमध्ये चढलो आणि शेजारी बसलेल्या पाटणकरला ते वाक्य ऐकवलं. पाटणकर आमच्या भांडार विभागात होता.

"आहे तसा? असंच म्हणाली?" त्याने विचारलं.

"शब्दशः! बघ म्हणजे किती पारख!"

"अरे, भंगाराच्या लिलावाच्या नोटिशीत आम्ही हेच लिहितो. 'माल आहे तसा, आहे तिथे.' म्हणजे मोडका, गंजका, जसा असेल तसा उचलायचा."

माझा चेहरा पडला. पाटणकरला दया आली असावी. "त्याच्याखाली आणखी एक ओळ असते," तो म्हणाला. "एकदा उचललेला माल कुठल्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही."

ती ओळ ऐकली आणि जिवात जीव आला. मी उठलो आणि ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या बसला पेढे वाटले!